पहारा एकट्या आईचा नको

पत्र

मॅडम, नमस्कार.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात आहे. घरी मी, नवरा, सासूबाई, दीर आणि माझी दोन लेकरं. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. दोघांनाही सिकलसेल हा रक्ताचा आजार, रिपोर्टवर एसएस पॅटर्न. मुलीचं पाचव्या वर्षी कळलं. त्याआधी तिचे हातपाय दुखायचे तर वात आहे म्हणून बिब्बा लावला, अजून मांडीवर डाग आहेत. तिचं कळल्यावर बाळाची तपासणी केली, तोही तसाच निघाला.

यंदा रोवणीच्या दिवसांत मुलाला सकाळी ताप होता. सासूबाई म्हणाल्या, ‘तू जा, मी पाहतो.’ त्यांनी घरातली तापाची गोळी दिली. ताप उतरला, पोरगं झोपून राहिलं. संध्याकाळी मी धानाच्या बांधीतून आली तर तोंड पांढरंफट, हाक मारली तर डोळे उघडेना, डाव्या बाजूला पोट एकदम कडक. नाल्यावरून पाणी चालू होतं, तासभर पलीकडे जाता आलं नाही. ग्रामीण रुग्णालयातून चंद्रपूरला पाठवलं. हिमोग्लोबिन ३ वर आलं होतं. रक्त चढवलं, वाचला.

तेव्हापासून मला झोप नाही. रात्री उठून उठून त्याचं पोट पाहते. कामावर जाणं बंद केलं. बचतगटाचं कर्ज झालं. सासूबाई म्हणतात, ‘तुह्या माहेरचं रक्तच खराब हाय.’ नवरा काहीच बोलत नाही, उशिरा घरी येतो. मुलगी रोज सकाळी पोट दुखते म्हणते, शाळेत जात नाही. एका रात्री तिनं विचारलं, ‘आई, मी बी मरीन का?’ मला उत्तर देता आलं नाही. आता सासूबाई जंगलातल्या औषधवाल्याकडे न्या म्हणतात. दिराचं लग्न जमत आहे, त्या लोकांना मुलांच्या आजाराचं सांगू नको असंही बजावलं आहे.

मी त्या दिवशी कामावर गेली नसती तर? आता काय करू?

उत्तर

ताई,

त्या दिवशी तुम्ही बांधीत गेला नसता तरी मुलाची पाणथरी फुगलीच असती. सिकलसेलच्या लहान लेकरांत, साधारण सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, डाव्या बरगडीखालची ही पाणथरी, डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात, कधी कधी एकाएकी शरीरातलं रक्त अडवून धरते. पुष्कळदा तापाचं निमित्त होतं. काही तासांत पोट वाढतं, अंगात फिरणारं रक्त कमी पडतं आणि लेकरू पांढरं पडून मलूल होतं. आई उशाशी बसलेली असताना हे होतं, मोठ्या दवाखान्यासमोर घर असलं तरी होतं. तुम्ही लेकराला आजीच्या मांडीवर ठेवून गेला होता. रोवणीच्या दिवसांत एक दिवसाची मजुरी सोडणं काय असतं, हे धानपट्ट्यातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

एक गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिली आहे, पण मला ती सगळ्यात मोठी वाटली. संध्याकाळी आल्याबरोबर तुम्ही तोंड पाहिलं, पोटाला हात लावला आणि निघालात. सकाळी पाहू म्हणाला नाहीत. नाला आडवा आला तरी परतला नाहीत. हिमोग्लोबिन ३ वर आलेलं लेकरू घरी रात्र काढू शकलं नसतं. रात्री झोप उडते तेव्हा ‘गेली नसती तर’ हे आठवतं, तसं हेही आठवत जा.

मी आरोग्य खात्यात नर्स म्हणून नोकरी केली, बरीचशी उपकेंद्रांवर, आणि सिकलसेलची घरं जवळून पाहिली. त्यातल्या बहुतेक घरांत एकच अडचण दिसायची. आजाराची सगळी माहिती एकट्या आईच्या डोक्यात. गोळी कोणती, पोट केव्हा पाहायचं, कागद कुठल्या पेटीत, सगळं तिलाच ठाऊक, आणि बाकीचं घर तिच्या तोंडाकडे पाहणारं. ती शेतात गेली, माहेरी गेली, तापानं पडली, की त्या घरात लेकराचा आजार ओळखणारं कुणीच उरत नाही. तुमच्याकडे त्या दिवशी हेच झालं. सासूबाईंनी हयगय केली नाही. ताप आला, गोळी दिली, ताप उतरला, पोरगं झोपलं. साध्या लेकराच्या तापात हे बरोबरच आहे. या लेकरात ते पुरत नाही, हे त्यांना कुणी हात धरून दाखवलेलं नव्हतं. म्हणून मी तुम्हाला आणखी जपा, आणखी जागा, असं सांगणार नाही. तुम्हाला जे ठाऊक आहे ते घरात वाटून द्या.

सुरुवात सासूबाईंपासून करा. पुढच्या तपासणीला चंद्रपूरला जाल तेव्हा त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांना म्हणा, ‘याची पाणथरी कशी पाहायची ते आजीला दाखवून द्या.’ पोराला उताणं झोपवायचं, गुडघे थोडे वर घ्यायचे म्हणजे पोट सैल पडतं. तो रडत असेल तर आधी शांत करायचं, रडताना पोट ताठ होतं आणि काही कळत नाही. मग बोटं चपटी ठेवून, बेंबीच्या बाजूनं डाव्या बरगडीकडे हळूहळू सरकवायची. खुपसायची अजिबात नाहीत. पोरानं श्वास आत घेतला की पाणथरीची कड खाली येऊन बोटांना टेकते. तोंडी सांगून हे येत नाही. डॉक्टरांनी किंवा सिस्टरनं सासूबाईंचा हात धरून तिथं ठेवला पाहिजे. आज ती कड बरगडीखाली किती बोटं आहे ते पेनानं पोटावर आखून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. लागतच नसेल तर ‘लागत नाही’ असं लिहा. ही त्याची नेहमीची खूण. रोज सकाळी अंघोळीआधी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहायचं, अंगात कसर वाटली तर दर दोन-तीन तासांनी. खुणेच्या खाली आली, किंवा पोट डावीकडे तट्ट लागलं, तर निघायचं. जोडीला खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा, जीभ पाहायची, तळहात पाहायचे. सावळ्या लेकराच्या चेहऱ्यावर रक्त कमी झालेलं उशिरा कळतं, पापणीच्या आत आधी कळतं.

हे एकदा होऊन गेलं ना, ते परत होण्याची शक्यता बरीच असते. घाबरवायला सांगत नाही, पण लपवणार कशी? म्हणूनच आजीचा हात तयार झाला पाहिजे. डॉक्टरांनाही विचारा, पुन्हा झालं तर पाणथरी काढण्याचा विचार करावा लागेल का. काही लेकरांत तो करतात, पण वय आणि धोका पाहून. तो निर्णय त्यांच्यावर सोडा.

गावाकडच्या आज्यांच्या हातावर माझा भरवसा आहे. बाळाची टाळू भरली की नाही, पोट गच्च आहे की मऊ, हे त्या पिढीनं हातानंच ओळखलं. आणि ज्या बाईला बोल लावायला तोंड आहे, तिला काम दिलं की बोलणं कमी झालेलं मी पाहिलं आहे. सगळ्यांचं होतं असं नाही. पण तुमच्या सासूबाई दिवसभर तापलेल्या नातवाजवळ बसल्या होत्या. संध्याकाळी जे दिसलं त्याचं भय त्यांच्याही पोटात असणार, आणि ‘माझ्यामुळं तर नाही ना’ हे तुमच्यासारखंच त्यांनाही खात असणार. तो दोष कुठंतरी टाकायचा म्हणून तुमच्या माहेरावर टाकला.

तरीही ते बोलणं चूक आहे, आणि घरात ते एकदा स्पष्ट झालंच पाहिजे. एस म्हणजे सिकलसेलचा गुण. एसएस मूल व्हायला एक एस आईकडून लागतो आणि एक बापाकडून. तुमच्या दोघांचे रिपोर्ट तुम्ही लिहिले नाहीत, पण लेकरं एसएस आहेत म्हणजे तुमच्या नवऱ्याकडेही एस आहेच. एका बाजूच्या रक्तातून हा आजार होत नाही. हे तुम्ही सांगू नका. सून बोलली की ते भांडण होतं. दवाखान्यातल्या समुपदेशकानं किंवा डॉक्टरांनी नवऱ्यासमोर आणि सासूबाईंसमोर सांगावं. दोघंही वाहक, म्हणजे एकच एस असलेले, एएस, असाल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची, दोन एएसची आणि एक एएची, म्हणजे एस नसलेल्या लेकराची. प्रत्येक वेळी नव्यानं. दोन लेकरं एसएस झाली म्हणून तिसरं सुटेल असा हिशेब नसतो. तिसऱ्याचा विचार मनात असेल तर दिवस जाण्याआधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी होऊ शकते, पण ती सोय मोठ्या शहरात असते आणि धावपळ करून वेळेत गाठावी लागते.

आणि ‘खराब रक्त’ याबद्दल. ज्याच्याकडे एकच एस असतो त्याला मलेरिया जिवावर बेतण्याइतका सहसा होत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया असलेल्या जंगलपट्ट्यात हा एस टिकून राहिला. आफ्रिकेत असंच आहे, आपल्या पूर्व विदर्भातही असंच. आदिवासी घरांत आहे, बौद्ध घरांत आहे, ओबीसी घरांतही आहे. ज्या गुणानं एकेकाळी वाडवडलांची लेकरं जगवली, तोच दोन्हीकडून आला की आजार होतो. यात लाज कसली? एक मात्र ध्यानात ठेवा, ते संरक्षण एएसला आहे. एसएस लेकराला मलेरिया झाला तर तो फार वाईट, म्हणून तुमच्या दोघांनाही मच्छरदाणीशिवाय झोपवू नका.

आता तापाचं. घरात एक डिजिटल थर्मामीटर आणा, औषधाच्या दुकानात स्वस्त मिळतो, आणि तो कसा लावायचा हे नवरा, सासूबाई, दीर, तिघांना शिकवा. हात लावून ‘थोडा गरम आहे’ हे या लेकरांत चालत नाही. १०१ च्या वर गेला की दवाखाना, दिवस असो की रात्र. कारण असं की सिकलसेलमध्ये पाणथरी लहानपणीच निकामी होऊ लागते, आणि काही जंतूंना अडवायचं मुख्य काम तिचं असतं. असा जंतू रक्तात शिरला तर लेकरू काही तासांत हातचं जातं. अँटिबायोटिक लवकर सुरू झालं पाहिजे. पहिलं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळू शकतं, तिथून पुढं पाठवतील. पॅरासिटामॉलची गोळी द्यायला हरकत नाही, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेली. पण ताप वहीत लिहून, वेळ लिहून, गोळी द्यायची आणि निघायचं. गोळीनं ताप उतरतो, आत काय चाललंय ते तसंच राहतं. तुमच्याकडे तेच झालं.

पावसाळ्यात मी हा नियम आणखी कडक करीन. रोवणीपासून पोळ्यापर्यंत तुमचा नाला कधी चढेल याचा नेम नाही. आभाळ भरलेलं असेल तर १०१ ची वाट पाहू नका, १०० झाला की निघा आणि नाल्याच्या पलीकडे जा. दवाखान्यात जाऊन काही निघालं नाही तर चांगलंच, परत या. पलीकडच्या गावात कुणी सोयरे असतील तर आजच बोलून ठेवा की रात्री-बेरात्री लेकराला घेऊन येऊ. १०८ ला फोन करताना नाल्याच्या पलीकडचं ठिकाण सांगा, म्हणजे गाडी तिकडे येऊन थांबेल. गावात कुणाची बोलेरो आहे, कुणाचा ऑटो आहे, रात्री कोण फोन उचलतो, हे दिराला माहीत करून ठेवायला सांगा. हे त्याचं काम.

ताप नसतानाही थांबायचं नाही अशा काही गोष्टी आहेत, त्या मुलीच्या बाबतीतही लागू. छातीत दुखून श्वास लागणं. एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं. गोळी, पाणी, शेक देऊनही न थांबणारं दुखणं. सारख्या उलट्या, जिथं पाणीच पोटात ठरत नाही. आणि पांढरं पडणं, ते तर तुम्ही पाहिलंच आहे.

एक कागद करा. दोन्ही लेकरांचा वेगळा. नाव, वय, ‘सिकलसेल एसएस’, वजन, रक्तगट, नेहमीचं हिमोग्लोबिन, पाणथरीची बोटं, रोजच्या गोळ्या, रक्त केव्हा चढवलं, चंद्रपूरच्या वॉर्डाचा फोन. प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या मागच्या खिळ्याला लटकवा आणि घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये त्याचा फोटो ठेवा. कुठल्याही दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘लेकरू सिकलसेल एसएस आहे, याची पाणथरी एकदा फुगली होती.’ ताप आहे, अशक्तपणा आहे, हे नंतर. रात्रीच्या ड्यूटीवरच्या माणसाला हे आधी कळलं तर तो वेगळ्या नजरेनं पाहतो. आठ वर्षांच्या मुलीलाही हे वाक्य पाठ करवा.

रोजच्या गोळ्यांवर फार लिहीत नाही, त्या तुम्हाला लिहून दिलेल्या असतील. फॉलिक अॅसिड रोज. पाच वर्षांखालच्या लेकराला पेनिसिलिन दिवसातून दोनदा देतात. मुलाचं सुरू नसेल तर डॉक्टरांना विचारा. न्यूमोनियाची पीसीव्ही लस आता सरकारी लसीकरणात आहे, त्याच्या कार्डावर ती लागली आहे का पाहा, आणि आणखी कोणत्या लसी लागतील तेही विचारा. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीनं दुखण्याचे झटके कमी होतात. ती दोघांना द्यायची का, हे डॉक्टर रक्त तपासून ठरवतात आणि सुरू केल्यावर ठरावीक दिवसांनी रक्त तपासावंच लागतं. बरं वाटतं म्हणून मनानं बंद करू नका. आणि रक्तवाढीचं टॉनिक कुणी प्रेमानं आणून दिलं तरी पाजू नका. सिकलसेलमध्ये रक्त कमी होतं ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून. साधी पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. लोह कमी असेलच असं नाही, आणि रक्त चढवलेल्या लेकरात ते उलट साठू शकतं. शाळेत लोहाच्या गोळ्या वाटतात, तेव्हा बाईंना सांगून ठेवा की डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलीला देऊ नका.

जंगलातल्या औषधवाल्याचं. सासूबाईंशी यावर भांडू नका, पण तीन गोष्टींवर हलूही नका. रोजची गोळी एक दिवसही बंद होणार नाही. अंगाला बिब्बा, डाग, चटका काही लागणार नाही. मुलीच्या मांडीवरचे डाग सासूबाईंना दाखवा आणि विचारा, यानं तिचं दुखणं थांबलं होतं का? भाजलेल्या जागेतून जंतू शिरला तर या लेकरांना तो झेपत नाही. आणि पोटात घ्यायचा पाला, पूड, काढा द्यायचा नाही, कारण त्यात काय आहे ते ना तुम्हाला कळतं ना डॉक्टरांना, आणि लेकराचं लिव्हर, मूत्रपिंड आधीच या आजारानं थकलेलं असतं. पूजा करा, नवस बोला, देवाला कोंबडं-नारळ जे घरच्या रीतीनं असेल ते करा. त्यानं म्हातारीच्या जिवाला धीर येत असेल तर तोही घराला हवाच आहे. तापाच्या दिवशी मात्र आधी दवाखाना.

आता तुमच्या मुलीचं, कारण या सगळ्यात तिच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. त्या रात्री तुम्ही भावाला घेऊन निघालात तेव्हा ती कुठं होती? कुणाकडे झोपली? तिला काय सांगितलं? पत्रात काहीच नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही, तेव्हा जीव वाचवायचा होता. पण आठ वर्षांची पोर सगळं पाहते. भावाला जो आजार आहे तोच आपल्याला आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिनं भावाचं पांढरं तोंड पाहिलं, आईला धावताना पाहिलं आणि रात्रभर कुणी परत आलं नाही.

‘मी बी मरीन का’ याला ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. खोटंही सांगू नका, तिला कळतं. तिला जवळ घेऊन, तिच्याच बोलीत सांगा: ‘भावाच्या पोटात रक्त अडकलं होतं, डॉक्टरनं नवीन रक्त दिलं, तो बरा झाला. तुले जे दुखते ते दुसरं हाय, आणि तुही गोळी रोज चालू हाय. तू मोठी होशीन, शाळेत जाशीन. दुखलं की मले सांग, मी लपवणार नाही, तू बी लपवू नको.’ परत विचारेल, पुन्हा पुन्हा विचारेल. दरवेळी हेच सांगा, न वैतागता. सिकलसेल असलेल्या मुली शिकतात, नोकऱ्या करतात, आया होतात. ही खोटी आशा नाही, मी अशा बाया पाहिल्या आहेत.

सकाळच्या पोटदुखीला ढोंग म्हणू नका, आणि दर वेळी घरीही ठेवू नका. सिकलसेलच्या मुलीचं पोट खरंच दुखू शकतं. रोज एकच रीत ठेवा. थर्मामीटर, पापणी, पोटाला हात, मग दोन पेले पाणी आणि अर्धा तास तुमच्याजवळ. ताप नाही, पोट मऊ आहे, चालते-बोलते आहे, तर शाळेत. पहिले काही दिवस तुम्ही किंवा बाबा सोडायला जा. बाईंना भेटून चार गोष्टी सांगा: पाण्याची बाटली तिच्याजवळ असू द्या, लघवीला मागेल तेव्हा जाऊ द्या, कवायतीला उन्हात उभी करू नका, गैरहजेरीसाठी शिक्षा नको. या लेकरांच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ती जास्त पाणी पितात, जास्त लघवीला जातात, आणि रात्री अंथरूणही ओलं करतात. तुमची मुलगी करत असेल तर तिला रागावू नका, भावंडासमोर बोलूही नका. तिचं पाणी तोडणं तर मुळीच नाही. पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होऊन दुखण्याचा झटका येतो. उन्हाळ्यात चंद्रपूरची भट्टी तुम्हाला ठाऊकच आहे. थंडीच्या पहाटेही तिला स्वेटर-मोजे घालूनच बाहेर काढा, गार पाण्यानं अंघोळ नको.

आणि रोज संध्याकाळी थोडा वेळ फक्त तिचा ठेवा, ज्यात भावाचं पोट, भावाची गोळी, भावाचा ताप काही निघणार नाही.

नवऱ्याबद्दल मी कमी लिहिते, कारण त्यांचं म्हणणं मला ठाऊक नाही. न बोलणारा माणूस बेफिकीर असतोच असं नाही. लेकराला घेऊन नाल्याकाठी तास काढलेल्या बापाला त्याबद्दल बोलायला शब्द सापडत नाहीत, हे मी पाहिलं आहे. त्यांच्याकडून बोलण्याची अपेक्षा आज नका करू, काम मागा. महिन्याची तपासणी आणि गोळ्या आणणं त्यांचं. गाडीत पेट्रोल ठेवणं त्यांचं. रात्रीचा अर्धा पहारा त्यांचा. उशिरा येण्यामागं दारू असेल तर मात्र ते गप्प राहून सहन करू नका. आशाताईंशी किंवा त्यांचं ऐकतील अशा घरातल्या मोठ्या माणसाशी बोला.

आता तुमची झोप. तुम्ही रात्री उठून जे पोट पाहता, ते संध्याकाळी सासूबाईंनी पाहिलेलं असेल, वहीत लिहिलेलं असेल, ताप नसेल, तर रात्री परत पाहायची गरज नाही. ताप असलेल्या रात्री अर्धी रात्र नवरा, अर्धी तुम्ही. बाकीच्या रात्री झोपा. सुरुवातीला उठल्याशिवाय राहवणार नाही. उठलात तर वही उघडा, संध्याकाळचं लिहिलेलं वाचा आणि परत पडा. दोन-तीन आठवडे असं करूनही झोप येत नसेल, तीच संध्याकाळ डोळ्यासमोर येत असेल, छाती धडधडत असेल, रडू थांबत नसेल, तर १४४१६ या नंबरवर फोन करा. टेली-मानस म्हणून सरकारची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मनोविकाराचे डॉक्टर असतात. लेकराच्या जिवावर बेतल्यावर आईचं मन असं जखमी होतं आणि त्यावर इलाज आहे.

आणि कामावर परत जा. उद्या नाही, आजीचा हात तयार झाल्यावर. पहिल्या दिवशी जवळच्या बांधीत, मोबाईल सोबत घेऊन. मजुरी हवीच आहे, कर्ज आहे. पण त्याहून जास्त, तुम्हाला दिवसातून काही तास चार बायांमध्ये वाकून काम करणं, बोलणं, हसणं लागतं. घरात बसून फक्त पापणी पाहत राहिलात तर तुम्ही आजारी पडाल, आणि मग तुमच्याकडे कोण पाहणार?

खर्चाचं थोडक्यात. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाच्या रुग्णाला रक्त मोफत द्यायचं असा नियम आहे, बदल्यात रक्तदाता आणा अशी अट घालायची नाही. कुणी पैसे मागितले तर सिकलसेलचं कार्ड दाखवा आणि रक्तपेढीच्या प्रमुखांना भेटा. २०१६ च्या कायद्यानं सिकलसेल दिव्यांगत्वाच्या यादीत आलं आहे, दोन्ही लेकरांच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करा. एसटीच्या सवलतींच्या यादीत सिकलसेलचे रुग्ण आहेत, कोणता कागद लागतो ते आगारात विचारा. भरती असताना बाहेरून औषध आणायला सांगितलं तर आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे जा, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तो सांगेल.

राहिलं दिराचं लग्न. लेकरांचा आजार गावभर सांगत फिरायची गरज नाही, पण लपवून लग्न लावण्याला माझा ठाम विरोध आहे. त्यातून पुढं आणखी एका पोरीच्या वाट्याला तुमचीच ती रात्र येऊ शकते. दिराची स्वतःची चाचणी आधी करा. त्याच्या भावाकडे एस आहे म्हणजे त्याच्याकडेही असू शकतो. तो एए निघाला तर त्याची लेकरं एसएस होणार नाहीत, बोलणंच संपलं. एएस निघाला तर मुलीचीही चाचणी हवी. ती एए असेल तर लग्न बिनधास्त करा, लेकरं फार तर वाहक होतील, आजारी नाही. दोघंही एएस असतील तर दोघांनी आणि दोन्ही घरांनी समजून उमजून ठरवावं. सासूबाईंना ही गोष्ट तुम्ही सांगाल तर सुनेचा हट्ट वाटेल. दिरालाच सांगा, तो याच घरात राहतो, त्याला कळेल. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सुरू केलेल्या सिकलसेल मोहिमेत हा आजार असलेल्या आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरलेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी मोफत होते. ती सकारात्मक आली तर पुढची पक्की चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी होते, त्यातून एएस की एसएस ते कळतं. तो रिपोर्ट यायला दिवस लागतात, म्हणून साक्षगंधाची तारीख धरण्याआधी त्याला पाठवा.